जर्मनच्या तबकडीवरचा आवाज

माझ्या घरात सुई दुसऱ्यांदा वापरत नाहीत. एक बाजू, एक सुई. ग्रामोफोनच्या तबकडीची बाजू वाजून संपली की सुई काढायची, डबीत टाकायची, नवी लावायची. एखादा पाहुणा म्हणतो, "अहो, अजून चांगली आहे की." त्याला मी चहा देते, पण पुन्हा तबकडी ऐकवत नाही. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या लाखेत दगडाची भुकटी कालवलेली असते आणि ती भुकटी तीन मिनिटांत पोलादी सुईचं टोक खाऊन टाकते. तसं खाल्लेलं टोक पुढच्या तबकडीची खाच फाडतं. हे मला बल्लारपूरच्या एका घड्याळवाल्या भाऊंनी शिकवलं. तसं शिकवायची गरज नव्हती म्हणा. मी एकतीस वर्षं सरकारी नर्स होते. सुई एकदाच वापरायची असते हे माझ्या हाडात मुरलेलं.

ह्या नियमाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. आणि त्याच माजापायी मी एका बाईच्या आईचे शब्द पुसून टाकले.

माझा संग्रह नोकरीतूनच सुरू झाला. व्यापाऱ्याला लोक ओसरीवर बसवतात, नर्सला थेट आतल्या खोलीत नेतात. बाळंतीण बघता बघता माळ्यावर नजर जायची. सावली गावाकडच्या एका घरात भाताच्या कणगीमागे मला पहिली मशीन दिसली. तबकडीची नव्हे, त्याच्याही आधीची, मेणाच्या नळीची. मशीनसोबत पाच नळ्या होत्या, तीन नळ्यांवर बुरशी चढलेली. ती नळी बाहेरून धरायची नसते, बोटाची ऊब लागली तरी मेण तडकतं. आतल्या पोकळीत दोन बोटं घालून बोटांवर तोलून धरायची. चंद्रपूरच्या मे महिन्यात मी गच्चीवरच्या खोलीत घाम गाळत झोपते आणि खालच्या थंड खोलीत त्या नळ्या राहतात. माझी बहीण म्हणते, तुला वेड लागलंय. लागलं असेल बाप्पा, पण पंधरा उन्हाळ्यांत एकही नळी वितळलेली नाही.

पुढे तबकड्या आल्या. एकाच बाजूला गाणं असलेल्या, बशीएवढ्या. मग मोठ्या, दोन्ही बाजूंच्या. एक जात तर अशी की आतून बाहेर वाजते, आणि तिची खाच आडवी नागमोडी नसून खोल-उथळ असते. तिला सुई चालत नाही, गुळगुळीत गोल खडा लागतो. तिच्यावर साधी सुई टाकली की तबकडी मेली. म्हणजे मला सगळं माहीत होतं. प्रत्येक जातीला तिचं तिचं टोक लागतं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

आता त्या बाईबद्दल, बुढीबद्दल सांगते. गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या वाटेवर आत जंगलात एक गाव आहे. मी तिकडच्या उपकेंद्रात होते तेव्हाची तिची माझी ओळख. गोंड बाई, पंच्याऐंशीच्या पुढची असावी, तिला स्वतःला वय माहीत नाही. मोह, चारोळी, लाख, जे जंगल देईल ते वेचून आणि धानाची थोडी शेती करून तिनं घर चालवलं. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाई म्हणते. सेवानिवृत्त झाले तरी त्या गावचे फोन मला येतातच. मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस तिच्या सुनेचा आला: "बाई, बुढीले ऐकूच नाई येत. तुम्ही एकडाव पाहून जा न."

मी गेले, तिला गडचिरोलीला डॉक्टरांकडे नेलं. डावा कान गेलेला होता, उजवा जायच्या वाटेवर. कानात घालायचं यंत्र दिलं, तिनं दोन दिवस लावलं आणि काढून फडताळात ठेवलं. म्हणाली, यात सारी भांडीच आदळून राह्यली. यंत्र देतानाच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, उजव्याचं फार दिवस सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मी हे तिला सांगितलं, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, कारण लपवाछपवी मला जमत नाही असं तेव्हा मला वाटायचं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू गाणाऱ्या मशिनी जमा करते म्हणे?"

घरी गेल्यावर तिनं बांबूच्या पेटाऱ्यातून एक फडकं काढलं. फडक्यात तबकडी होती. लाखेची नव्हे, काळीही नव्हे. पांढुरकी, हलकी, आमच्याकडे ज्याला जर्मन म्हणतात त्या धातूची, म्हणजे आपल्या ॲल्युमिनियमच्या ताटलीसारखी. मध्ये भोक. वर ना कागद ना अक्षर. एका बाजूला बारीक खाचा. ही जात मी फक्त ऐकून होते. जुन्या काळी घरच्या घरी आवाज भरायची यंत्रं असत, त्यांच्या ह्या तबकड्या. अशी एकच तबकडी निघते, तिची दुसरी प्रत नसते.

तिचा बाप जंगल खात्याच्या एका साहेबाकडे तंबूवर स्वयंपाकाला होता. साहेबाजवळ असलं यंत्र होतं. एका संध्याकाळी त्यानं गावातल्या बायकांना गायला बसवलं, आवाज भरला, तिथंच एकदा वाजवून दाखवला आणि तबकडी स्वयंपाक्याला देऊन टाकली. त्या बायकांत बुढीची आई होती. त्याच वर्षी ती तापानं गेली. बुढी तेव्हा अंगावर पीत होती. साहेब बदलून गेला, यंत्रही त्याच्याबरोबर गेलं. बाप मरेपर्यंत सांगत राहिला, तुझी माय यात हाये, घोगऱ्या आवाजाची.

"मी तिचं तोंड नाई पाह्यलं," बुढी म्हणाली. "फोटू नाई. मले एकडाव ऐकवून दे. कान हाये तवर."

बस, एवढंच. तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. औषधाच्या गोळ्यासुद्धा मी आपण होऊन द्यायचे.

आता खरं सांगायचं तर मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की पुढच्या खेपेला मशीन घेऊन येते, इथंच तुझ्यासमोर वाजवू. माझ्याकडे पेटीत मावणारी, हातात धरून नेता येणारी मशीन आहे. पण मी म्हटलं, "आधी घरी नेते. साफ करते, वाजते का पाहते, मग आणते." साफ करायचं निमित्त होतं. मला ती आधी ऐकायची होती. मला एकटीला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. बुढीनं फडक्यासकट तबकडी माझ्या हातात दिली आणि माझ्या बोटांवर क्षणभर स्वतःची बोटं दाबून धरली.

चंद्रपूरला पोचले तेव्हा दुपार होती. जेवलेही नाही. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फोन बाजूच्या टेबलावर ठेवला. मऊ कापसानं तबकडी पुसली. डबीतून कोरी करकरीत सुई काढली, नीट घट्ट केली, चावी भरली. तो फोन तिथं हाताशी होता हे मी आजही विसरू शकत नाही. नुसतं एक बटण दाबलं असतं तरी आवाज भरून राहिला असता. पण मला ऐकण्याची घाई झाली होती.

सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज आला, एकटीचा. गाणं नव्हतं, बोलणं होतं. अगदी जवळून, हळू, भरभर, थोड्या घोगऱ्या आवाजात गोंडीत काहीतरी म्हणाली. कुणीतरी मागून हसलं. मग गाणं सुरू झालं.

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत ह्या आवाजाला कुणी ऐकलं नव्हतं आणि तो माझ्या खोलीत बोलत होता. आनंद झाला मला, खूप झाला. तेवढ्यात सुईच्या टोकाशी काहीतरी चमकलं. चंदेरी धूळ. केसाएवढी बारीक, वळत वळत तबकडीवर साठत होती. मी ती पाहिली, आणि लगेच सुई उचलली नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. गाणं सुरू झालं होतं, मला ऐकायचं होतं. आणखी पाच-सहा सेकंद मी ते ऐकत राहिले. मग हात आपोआप पुढे गेला.

भिंगाखाली पाहिलं. बाहेरच्या काठाची पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद, लख्ख गुळगुळीत झाली होती. खाचच उरली नव्हती. नव्या सुईनं ती खरवडून काढली होती. मी जमिनीवर बसले. एकतीस वर्षांत एवढी भीती मला एकाच प्रसंगी वाटली होती, एक बाळंतीण माझ्या हातावर थंड पडत चालली होती तेव्हा. ती वाचली होती.

घड्याळवाल्या भाऊंना फोन लावला. "भाऊ, जर्मनची तबकडी होती. सुरुवात गेली."

ते म्हणाले, "पोलाद लावलं?"

"नवी सुई लावली होती."

"नवी लावली म्हणूनच तर, सिस्टर. जुनी, बोथट असती तर कदाचित इतकं नसतं गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते आले. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून अर्धा तास तबकडी फिरवत बसले. भाऊ कमी बोलणारे. अब्बांच्या दुकानात वाढले, त्यांच्याच हाताखाली घड्याळंही शिकले आणि ग्रामोफोनही. शेवटी म्हणाले, "बाकी सलामत आहे. लाखेची तबकडी सुईले खाते, म्हणून तिथं पोलाद चालते. हिथं उलटं काम. सुईच तबकडीले खाते. हिले लाकूड पायजे, नाहीतर काटा. बांबू सगळ्यात चांगला."

मग भिंग खिशात ठेवत त्यांनी सल्ला दिला. "बुढीले काय माहीत, पहिले काय होतं? गाण्यापासून वाजवा. खोटं नाई बोलायचं, फक्त बोलायचं नाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी त्यांच्यावर भडकले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण भाऊ चहा अर्धा टाकून गेले. भडकायचं कारण हेच की रात्रभर मी स्वतःला अगदी हेच समजावत होते. ऐकणारी मी एकटी होते. कुणाला कळलं असतं?

ते शब्द मात्र मला सोडत नव्हते. मला गोंडी येते ती नर्सची गोंडी. कुठं दुखतं, किती दिवसांपासून, पाळी कधी आली, पाणी उकळून पी. त्या बाईचं वाक्य मला समजलं नव्हतं, नुसता त्याचा आवाज कानात होता. तो विसरेन ह्या भीतीनं मी तो कॅलेंडरच्या मागे देवनागरीत लिहून काढला. तरी लिहिलेलं आणि ऐकलेलं जुळेना. चढ कुठं, थांबा कुठं, हे अक्षरात बसत नव्हतं. म्हणून मी ते वाक्य रोज म्हणू लागले. भांडी घासताना, भाजी निवडताना. बहिणीला वाटलं कुठला तरी मंत्र घेतलाय.

दिवसभर मी बांबू तासत असे. वाळलेला, जुना बांबू. वरची कडक कातडी असते तिचीच धार टिकते, आतला गर चालत नाही. तिरपा तुकडा पाडायचा, तीन बाजूंनी छिलायचा, टोक ब्लेडनं एका फटक्यात कापायचं. पहिल्या वीस-पंचवीस सुया फुकट गेल्या. टोक मऊ पडायचं किंवा मध्येच चिरायचं. मग जवसाच्या तेलात बुडवून उन्हात वाळवल्या, तेव्हा जमल्या. माझ्याकडच्या भंगार लाखेच्या तबकडीवर त्या चालवून पाहत होते. बुढीच्या तबकडीला हात लावायचा धीर होत नव्हता.

आणि तिकडून फोन येत होते. सून विचारायची, "बाई, बुढी पुसून राह्यली, कधी येता?" मी सांगायचे, साफसफाई चालू आहे. पुढच्या आठवड्यात म्हणायचे, मशीनचं स्प्रिंग नीट करते आहे. तिसऱ्या वेळी म्हटलं, ऊन फार आहे, तबकडी वाकेल. जर्मनची तबकडी उन्हानं वाकत नाही. हे खोटं किती सहज तोंडातून निघालं हे पाहून माझी मलाच किळस आली.

पाचव्या आठवड्यात सून म्हणाली, "काल मी मागून हाक मारली, तीनडाव मारली, वळलीच नाई. समोर गेली तवा हासली." मी फोन ठेवला आणि बॅग भरली.

मशीन मांडीवर, तबकडी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळून पोटाशी. मूल आणि सावली ही गावं, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, मग दुसरी बस. कंडक्टर म्हणाला, पेटी मागं डिक्कीत टाका. मी म्हटलं, तुझ्या आजीला टाकशील का डिक्कीत? तो बिचारा पुढच्या तिकिटाकडे वळला. त्याचा काय दोष होता? मी त्या दिवशी सगळ्या जगावर चिडलेली होते. वाटभर मनात एकच चाललं होतं. आधी सांगायचं, मग वाजवायचं. आधी सांगायचं.

बुढी अंगणात मांडवाखाली बसली होती. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. सुनेनं शेजारच्या बायकांना येऊ दिलं नव्हतं, गलबला झाला तर बुढीला काहीच कळलं नसतं. मी पेटी उघडली, चावी भरली, तबकडी ठेवली. आणि सांगितलं नाही. बांबूची सुई बसवली आणि हात गुळगुळीत पट्टीच्या पलीकडे, जिथं खाच शाबूत होती तिथं नेला. घड्याळवाल्या भाऊंनी सांगितलं होतं अगदी तसंच.

बुढी वाकून माझ्या बोटांकडे पाहत होती. "हे बांबूची काऊन?"

माझ्या आधी सूनच म्हणाली, आणि हसून म्हणाली, सासूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "जर्मनले लोखंड लावत नाईत न. जर्मनच्या गंजात लोखंडी सराटा फिरवला तर गंजाचं वाटोळं होते. लाकडी पायजे."

ह्या घरात रोज दोन वेळा भात शिजतो. जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लोखंडी सराटा घालायचा नाही हे इथल्या पोरीसोरींना कळतं. मलाही कळत होतं. माझ्या स्वयंपाकघरातही लाकडी कलथा आहे. मी सुई लावताना नर्स होते, संग्रहवाली होते, सगळं होते, फक्त स्वयंपाक करणारी बाई तेवढी नव्हते.

मी हात मागे घेतला. "मावशी, मी लोखंड लावलं होतं."

ऐकू गेलं नसावं. मी उठून तिच्या उजवीकडे गेले, कानाशी तोंड नेलं आणि परत सांगितलं. "घरी नेली तेव्हा मी पोलादी सुई लावली. सुरुवातीचं गेलं. आता ते कुणालाच ऐकू येणार नाही. माझ्या हातून गेलं." सून हसायची थांबली होती.

बुढीनं तबकडीवर बोट ठेवलं, त्या लख्ख पट्टीवर. काठापासून आत, जिथं खरखरीत लागलं तिथपर्यंत नेलं. "इतकं?"

"इतकंच. त्यात तुझी माय एकटी बोलली होती. गाण्याच्या आधी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "वाजव आधी," ती म्हणाली. "उरलं ते ऐकू दे."

मी सुई ठेवली. बांबूचा आवाज पोलादासारखा खणखणीत येत नाही, दबका येतो. बुढी पेटीशी कान लावून बसली, उजवा कान, डोळे मिटून. सात-आठ बायका गात होत्या. एक ओळ, मग तीच ओळ सगळ्यांनी उचलायची, मागे ढोलाचा बारीक ठोका. मी सुईच्या टोकाकडे पाहत होते. धूळ निघत नव्हती. दीड मिनिट असेल. शेवटी कुणीतरी खोकलं आणि खरखर.

बुढीनं डोळे उघडले. "यातली माही माय कोणती?"

ह्या प्रश्नाचा मी पाच आठवड्यांत एकदाही विचार केला नव्हता. सगळ्या एकदम गात होत्या. आणि तो आवाज एकटा, वेगळा, ऐकलेली जगात मी एकटीच होते. मी सुई बदलली. सुनेला म्हटलं, फोन काढ, भरून घे. बुढीला म्हटलं, "माझ्या बोटाकडे पाहा." पुन्हा लावलं. तो घोगरा आवाज प्रत्येक ओळ इतरांच्या किंचित आधी उचलत होता. तो आला की मी बोट वर करायचे, इतरांत मिसळला की खाली. बुढीचा कान पेटीशी आणि डोळे माझ्या बोटावर. तिसऱ्या ओळीला ती स्वतःच मान हलवू लागली, माझं बोट उठायच्या आधी. तिला सापडली होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला हात खाली घेता येत नव्हता.

तबकडी थांबली. सुनेनं फोन पदराला पुसून ठेवला.

"आता गेलं ते सांग," बुढी म्हणाली.

मी तिच्या कानाशी गेले. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. माझ्या अक्षरात ते वाकडं दिसतं आणि ते माझं नाही. जसं ऐकलं तसं म्हटलं, हळू, भरभर, घसा घोगरा करून. बुढीनं डोकं हलवलं, कळलं नाही. परत म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं माझा दंड घट्ट धरला.

मग सुनेला तिनं मराठीत सांगितलं, मला कळावं म्हणून मराठीत. "माय म्हणते, 'हिले घे वो जरा, झोपली हाये. गाणं होतवर घे.'" तिनं स्वतःकडे बोट केलं. "हिले म्हंजे मले. मी तिच्या मांडीवर होती."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. तबकडीवर ऊन पडून ती चमकत होती, मी ती फडक्यात झाकली.

"आन् तू तेच पुसलं," बुढी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं हातानं थांबवलं. तिला माफी नको होती. नजर अंगणाच्या पार लावून ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

मी म्हटलं.

"जोरानं नको. माय हळू बोलली असन. लेकरू झोपलं होतं न."

मी आवाज आणखी खाली नेला. सून बाहेर आली होती, तिनं तेही फोनमध्ये भरलं, पण फोनचा आवाज बुढीच्या कानात शिरत नाही, तिला माणसाचा श्वास कानावर लागतो. निघताना तिनं माझ्या पिशवीत चारोळी घातली, दर वेळी घालते तशीच, आणि सांगितलं, "तू पुसलं, तं तूच म्हणत जा. बाजाराच्या दिवशी येत जा. मी हावो तवर." ही विनंती नव्हती. मी तिच्याच बोलीत हाव, म्हणजे हो, म्हटलं.

तेव्हापासून दर आठवड्याला जाते. बहीण म्हणते, ह्या वयात इतका प्रवास. मी तिच्याशी भांडत नाही. पावसाळ्यात नाला चढला की दोन आठवडे चुकतात, मग बुढी माझ्याशी तोंड उघडत नाही, आधी ते वाक्य ऐकते, मग चहा देते.

ह्या खेपेला गेले तेव्हा ती मांडवाखालीच बसली होती. मी समोर गेल्यावर हसली. माझं डोकं दोन्ही हातांनी धरून उजव्या कानाशी ओढलं. मी म्हटलं. ती वाट पाहत राहिली, मी अजून बोललेच नाही अशी. मी पुन्हा म्हटलं. मग आणखी जवळ सरकून, ओठ कानाला लावून, पुन्हा म्हटलं, आणि तिनं सांगितलं होतं म्हणून आवाज वाढवला नाही.